बाहेरच्या बाजूची स्क्रीन

‘तीन नंबर, रांग का थांबली?’

स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात निरोपाची चौकट टुणकन वर आली. तिने समोरच्या जोडप्याच्या हातात तिकिटं दिली आणि दोन बोटांनी उत्तर टाइप केलं, ‘सरकतेय, साहेब.’ शेजारच्या खिडकीतून दोन नंबरचा दबका आवाज आला.

“आज साहेबांची फारच मर्जी दिसतेय तुमच्यावर. सकाळी गोड बोललात की काय?”

“गप बस रे. स्वतःची रांग बघ.”

एरवी तिने त्याला चांगलं सडेतोड उत्तर दिलं असतं. आज जीभ वळत नव्हती. चार वाजायला वीस मिनिटं होती आणि चार वाजता तिच्या डाव्या काखेजवळच्या गाठीचा रिपोर्ट येणार होता.

बावीस वर्षं ती या चित्रपटगृहाच्या तिसऱ्या खिडकीत बसत होती. तिला तिचं नाव होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. बाकी सगळे तिला तीन नंबरच म्हणत. घरी नवरासुद्धा लाडात आला की विचारायचा, “काय तीन नंबर, चहाची हाऊसफुल पाटी लागली का?” कागदी तिकिटांचे गठ्ठे, मग छापायचं मशीन, मग हा कंप्युटर, सगळं तिने याच खुर्चीत बसून पाहिलं. खुर्ची तेवढी दोनदा बदलली.

कंप्युटर आले तेव्हा सुरुवातीला त्यांवर इंटरनेट होतं. मग एका रविवारी, ऐन गर्दीत, पाच नंबरने साबणाच्या फुकट कुपनासाठी कसल्याशा साइटवर बोट ठेवलं आणि पाचही खिडक्या तीन तास बंद पडल्या. लोकांनी काच फोडायची तेवढी बाकी ठेवली. दुसऱ्याच दिवशी वरून हुकूम आला. खिडकीवरच्या मशीनमध्ये तिकिटांच्या प्रोग्रॅमखेरीज दुसरं काहीही उघडणार नाही. मोबाइल कामावर येतानाच लॉकरमध्ये, लॉकरची किल्ली साहेबांकडे, ती रात्री सुटताना मिळणार. आपापसांत बोलायला ही निरोपाची चौकट, तीही फक्त कामापुरती. ‘हॉल दोनला दहा मिनिटं उशीर’, ‘पाच नंबर, तिकिटाचा रोल घेऊन जा’, असले निरोप. ती चौकट बंद करता येत नसे, बाजूला सारता येत नसे, आणि तिच्यात लिहिलेला शब्दन् शब्द साहेब संध्याकाळी चहाबरोबर वाचत. साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं आणि बोलताना तो कलमांचे आकडे सांगायचा.

हे सगळं ज्याने बंद केलं तो माणूस आठवड्यातून तीनदा यायचा आणि जिन्याखालच्या वायरींच्या खोलीत बसायचा. डोक्याला टक्कल, खिशाला चार पेनं, बोलणं बेताचं. सगळे त्याला कुलूपवाला म्हणत. काल दुपारी ती त्याच्या खोलीत गेली होती.

“एक साइट उघडायची आहे. उद्या चार वाजता. तपासणीवाल्यांची.”

“मोबाइलवर बघा की रात्री.”

“रात्री चालणार नाही. पाचच्या आत दवाखान्यात फोन करायचाय.”

“मग साहेबांना सांगा. ते किल्ली देतील.”

तिथेच तर घोडं पेंड खात होतं. पाचातल्या दोन खिडक्या बंद होणार होत्या. त्यांच्या जागी तिकीट देणारी मशीन येणार होती. कोण राहणार आणि कोण जाणार याची यादी याच महिन्यात ठरायची होती. आजारी बाईला खिडकीत ठेवायला साहेबांना काय वेड लागलं होतं? तपासणीसाठी घेतलेल्या दोन्ही सुट्ट्या तिने दाढदुखीच्या नावावर खपवल्या होत्या. दुसऱ्या खेपेला साहेबांनी रजेच्या अर्जावरून मान वर करून विचारलं होतं, “तुम्हाला दाढा आहेत तरी किती?” घरीसुद्धा तिने चकार शब्द काढला नव्हता. नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता आणि त्याचं इथल्या कँटीनवाल्याशी रोजचं उठणं-बसणं. आज त्याला सांगितलं की उद्या ते साहेबांच्या टेबलावर. लेकीची परीक्षा चालू होती. तेव्हा गेले नऊ दिवस ती एकटीच ती गाठ सांभाळत होती. आंघोळ करताना हात तिकडे जायचा आणि ती ओढून मागे घ्यायची.

“काय आहे एवढं त्या रिपोर्टात?” कुलूपवाल्याने विचारलं होतं.

“दाढेचं आहे.”

“दाढेचं,” तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या वायरींकडे पाहिलं. “तीन नंबरच्या मशीनवर तेवढी एक साइट उघडतो. चार ते चार दहा. अकराव्या मिनिटाला बंद. उघडलं की निरोप टाकीन, ‘तीन नंबर, केबल तपासून घ्या’. माझं नाव कुठे आलं तर मी या नोकरीतून गेलोच म्हणून समजा.”

“माझ्या तोंडून येणार नाही.”

त्याने आपल्या खोलीतल्या मशीनवर ती साइट उघडून, बंद करून पाहिली होती. व्यवस्थित चाललं होतं.

दवाखान्यातला डॉक्टर फक्त सोमवारी ऑपरेशनं करायचा आणि त्याची यादी शुक्रवारी पाचला बंद व्हायची. येत्या सोमवारनंतर तो तीन आठवडे परगावी जाणार होता. रिपोर्ट वाईट असेल तर पाचच्या आत फोन करून नाव घाला, तीन आठवडे थांबू नका, असं त्याने तिला बजावलं होतं. तसं झालंच तर किल्ली मागायला काहीतरी निमित्त काढायचं, असं तिने ठरवलं होतं. तपासणीवाले फोनवर काही सांगत नसत. चार वाजता साइटवर टाकतो, एवढंच म्हणत. आणि आज शुक्रवार, मोठा चित्रपट लागण्याचा दिवस. रजा मागायची सोय नव्हती.

चारला पाच कमी असताना रांग दारापर्यंत गेली होती. निरोपांचाही पाऊस पडत होता. ‘हॉल एक, मागच्या तीन ओळी संपल्या.’ ‘कँटीन: पाण्याच्या बाटल्या संपत आल्या.’ ‘सगळ्यांना: सीट बदलून देऊ नये.’ प्रत्येक निरोपागणिक कोपऱ्यातली चौकट थोडी वर वाढत होती. एकदाचा तोही निरोप आला.

‘तीन नंबर, केबल तपासून घ्या.’

खिडकीसमोर एक धिप्पाड माणूस आला होता. अंगात जाड जॅकेट, हातात हेल्मेट आणि आवाज असा की प्रोजेक्टरच्या खोलीत ऐकू जावा.

“दोन द्या. मधल्या ओळीत, मधोमध. कडेची चालणार नाही.”

“मधल्या ओळीत दोन एकत्र नाहीत.”

“कसं नाही? मला इकडे दिसतंय की! ते काय, हिरवं हिरवं आहे.”

काचेच्या बाहेरच्या अंगाला, गिऱ्हाइकाकडे तोंड करून, प्रत्येक खिडकीवर एक स्क्रीन बसवलेली होती. तिच्यावर फक्त हॉलमधल्या खुर्च्यांचा नकाशा दिसायचा, म्हणजे माणसाने बोट दाखवून सीट निवडावी. आतले निरोप, हिशेब, काहीही तिकडे जात नसे.

“एक मिनिट थांबा. मशीन अडकलंय,” ती म्हणाली आणि तिकिटांचा प्रोग्रॅम तिने खाली नेला.

तपासणीवाल्यांची साइट उघडली. पावतीचा नंबर टाइप करताना दोनदा चुकली. जन्मतारीख घातली. पांढरं पान आलं आणि एक चाक गरगरत राहिलं. चार वाजून तीन मिनिटं. हेल्मेटवाल्याने काचेवर टकटक केलं. “मॅडम, सिनेमा संपल्यावर देणार का तिकीट?” मागे दोघं-तिघं हसले.

पान उघडलं. वर तिचं नाव, ते पगाराच्या कागदावरचं. वय सत्तेचाळीस. नमुना कुठून घेतला, कधी घेतला. त्याखाली बारीक अक्षरांतला मजकूर, आणि तो संपतो तिथे जाड अक्षरांत ‘निष्कर्ष’. निष्कर्षाच्या पुढे निरोपाची चौकट होती. ‘पाच नंबर: हॉल दोन हाऊसफुल.’

तिने पान वर सरकवायचा प्रयत्न केला. ते सरकेना, कारण रिपोर्ट तेवढाच होता, एका पानात मावलेला. तिने चौकट माउसने ओढून पाहिली. ती हलत नाही हे तिला माहीत होतं, तरी ओढली. अक्षरं बारीक करायची काहीतरी युक्ती असते, लेक करायची, ती आता आठवेना. टिंग. ‘कँटीन: बाटल्या आल्या.’ चौकट आणखी वर चढली आणि ‘निष्कर्ष’ हा शब्दही तिने गिळला. चार वाजून सहा मिनिटं. आग लागो त्या बाटल्यांना, असं तिच्या मनात आलं आणि रडू कोसळेल असं वाटलं.

“मॅडम.”

हेल्मेटवाल्याचाच आवाज, पण ओळखू येत नव्हता. अगदी खाली आला होता.

“थांबा म्हटलं ना! देते.”

“तिकिटाचं नाही म्हणत. मॅडम, ते... तुम्ही उघडलंय ते इकडेही दिसतंय.”

“कुठे इकडे?”

त्याने बाहेरच्या स्क्रीनकडे बोट केलं.

तिला आधी काही उमजलंच नाही. मग उमजलं. बाहेर काय दाखवायचं आणि काय नाही हे तिकिटांचा प्रोग्रॅम ठरवायचा. तो खाली नेला की बाहेरची स्क्रीन उघडी पडायची, आत जे असेल ते तिकडे, निरोपाची चौकट तेवढी आतच राहायची. कुलूप लागल्यापासून या मशीनवर दुसरं काही उघडलंच नव्हतं, तर हे कळणार कोणाला? कुलूपवाल्याच्या खोलीत बाहेरची स्क्रीन नव्हती.

तिने काचेतून पाहिलं. मघाशी हसणारे दोघं आता आपापल्या बुटांकडे बघत होते. एका बाईने मुलीला जवळ ओढून तिचं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. मागचे लोक पुढच्यांच्या खांद्यावरून काय झालं ते बघायला माना वर करत होते, आणि ज्याला दिसायचं त्याची मान आपोआप खाली जायची. नऊ दिवस नवऱ्यापासून जे लपवलं होतं ते चव्हाट्यावर टांगलं गेलं होतं. आणि गंमत अशी की तिला स्वतःला अजून दिसलेलं नव्हतं.

हेल्मेटवाल्याने हेल्मेट दोन पायांमध्ये धरलं, घाईघाईने जॅकेट काढलं आणि त्या स्क्रीनवर टाकलं. एक बाही खाली लोंबत राहिली.

“माफ करा, मी मुद्दाम नाही वाचलं,” तो म्हणाला.

त्याच वेळी साहेब खाली आले. कॅमेऱ्यात त्यांना थांबलेली रांग दिसली होती. ते बाहेरच्या अंगाने, लोकांना बाजूला सारत, थेट तिच्या खिडकीशी आले.

“हे जॅकेट कोणाचं? काढा ते. हे काय मांडलंय?”

“नाही काढणार,” हेल्मेटवाला म्हणाला.

“तुम्ही चित्रपटगृहाच्या मालमत्तेवर...”

“ओ साहेब, नाही काढणार म्हटलं ना. बोलवायचं त्याला बोलवा.”

साहेबांनी जॅकेटची एक बाजू उचलून आत डोकावलं. क्षणभर तसेच वाकून राहिले. मग त्यांनी कड हळूच खाली सोडली आणि काचेच्या भोकाशी तोंड आणलं.

“बाई, बंद करा ते.”

“नाही.”

बावीस वर्षांत हा शब्द तिने साहेबांना, या किंवा याच्या आधीच्या कोणालाही, ऐकवला नव्हता.

“बंद करा. लोक आहेत. मी तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.”

“मी वाचलेलं नाही अजून, साहेब. ही चौकट मध्ये आलीय. खालचं दिसत नाही.” तिचा आवाज फुटला आणि तिने तो परत सावरला. “चार दहाला ते बंद होणार आहे. मला बघायचंय.”

शेजारच्या खिडकीत दोन नंबरने तिकीट देणं थांबवलं होतं. टिंग झालं, कोणीतरी कुठूनतरी रोल मागितला. भिंतीवरच्या घड्याळात चार नऊ झाले होते.

तिने हेल्मेटवाल्याकडे पाहिलं.

“तुम्ही वाचलंत ना?”

त्याने पायांमधलं हेल्मेट उचलून हातात घेतलं.

“वाचलंत. मग सांगा मला. खाली काय लिहिलंय?”

“मॅडम, मी कोण सांगणारा? घरच्या कोणाला तरी...”

“घरी कोणाला माहीत नाही. तुम्हालाच माहीत आहे. पाचच्या आत मला फोन करायचाय, सांगा.”

एवढा आडदांड माणूस, पण त्याची हनुवटी हलायला लागली. त्याने साहेबांकडे पाहिलं, जणू साहेब परवानगी देतील किंवा नाकारतील. साहेब जमिनीकडे बघत होते.

“आहे,” तो म्हणाला.

“आहे?”

“आहे, ताई. पण सुरुवातीचं आहे असं लिहिलंय. दोनदा लिहिलंय सुरुवातीचं म्हणून.”

पान पांढरं झालं. कुलूपवाला वेळेचा पक्का होता.

ती उठली. “साहेब, किल्ली द्या. फोन करायचाय.”

“लॉकर सुटायच्या आधी उघडता येत नाही,” साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग त्यांनी घसा साफ केला. “माझ्या केबिनमधून करा. चला.”

केबिनमधल्या फोनवर तिने दवाखान्याला नाव सांगितलं, वय सांगितलं, पावतीचा नंबर तर पाठच होता. पलीकडची मुलगी भराभर विचारत होती. रविवारी संध्याकाळी भरती व्हा, रात्रीपासून काही खायचं नाही, सोबत कोण असेल?

“रविवारी भरती, सोमवारी ऑपरेशन, बरं. सोबत नवरा.”

“त्यांचा नंबर द्या. त्यांना कल्पना आहे ना?”

“आज देते कल्पना,” ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की मुलीने आधी नंबर मागितला होता, आणि तिने तो सांगितला.

साहेब दाराशी पाठ करून उभे होते. फोन ठेवल्याचा आवाज झाला तसे वळले आणि खुर्चीत बसले. नियमांचं पुस्तक त्यांनी पुढे ओढलं, उघडलं नाही.

“साइट कोणी उघडून दिली?”

“मीच उघडली.”

“तुम्ही? परवा माउसची वायर निघाली तर मशीन गेलं म्हणून निरोप टाकलात.”

“शिकले.”

“दोन दिवसांत?”

“हो.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. जिन्याखालच्या खोलीत त्या वेळी काय चाललं असेल, कोणाला घाम फुटला असेल, हे दोघांनाही माहीत होतं. तिने नजर खाली घेतली नाही.

“हे मला वर कळवावं लागेल. मेमो काढावा लागेल,” ते म्हणाले. “यादी काल गेली. तुमचं नाव राहणाऱ्यांत घातलं होतं मी.”

म्हणजे नऊ दिवसांचं ते तोंड दाबून बसणं, त्या दोन खोट्या दाढा, ती नवऱ्याशी चाललेली चोरी. तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

“मग काढा मेमो.”

“मेमो माणसाच्या हातात द्यायचा असतो. समोर सही घेऊन. कलम अकरा. सोमवारच्या आत माझ्याच्याने तो लिहून व्हायचा नाही, आणि सोमवारी तुम्ही इथे नसाल.” त्यांनी पुस्तक परत जागेवर सरकवलं. “तुम्ही आल्यावर बघू. कधी याल तेव्हा. घरी जायचं असेल तर जा आता.”

घरी जावं, असं तिलाही वाटलं. पण घरी जायचं म्हणजे सांगायचं. नवरा आधी हसण्यावारी नेईल, मग त्याला कळेल, मग तो स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभा राहील. त्याच्या आधी दोन-तीन तास तिला हवे होते. “गर्दी आहे,” ती म्हणाली, “रांग संपवते.”

तिच्या खिडकीसमोर कोणीही हललं नव्हतं. हेल्मेटवाल्याने जॅकेट उचललं, नकाशा बघितलासुद्धा नाही. “कुठलीही द्या दोन,” म्हणाला. तिकिटं घेऊन दोन पावलं गेला, परत आला, आणि मान हलवून निघून गेला. त्याच्यानंतर ती मुलीवाली बाई आली. “तुमच्या सोयीने द्या हं,” म्हणाली आणि तिकिटं हातात पडल्यावर “आभारी आहे” म्हणाली. पुढचा म्हातारा दोन्ही हात जोडून गेला. त्याच्या पुढचाही आभार मानून. बावीस वर्षांत या खिडकीशी कोणी आभार मानले नव्हते. लोक भांडले, काचेवर आपटले, आईबापांचा उद्धार करून गेले, त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. पण आज एकेक जण येत होता, आवाज खाली आणत होता, ती देईल ती सीट घेत होता आणि तिच्याकडे न बघता सरकत होता. दहाव्या ‘आभारी आहे’ला तिने तिकीट जरा जोरातच सरकवलं. मी अजून इथेच बसलेय, असं तिला त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं.

दोन नंबर विनोद शोधत होता आणि त्याला सापडत नव्हता.

रांगेच्या शेपटाला एक बाई धावत आत आली. खांद्यावर पिशवी, हातात छत्री, कपाळावर घाम. मघाशी काय झालं ते तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुढचे दोघं जाईपर्यंत ती घड्याळ बघत चडफडत होती. पाळी आल्याबरोबर तिने छत्रीची मूठ काचेवर आपटली.

“अहो बाई, झोप लागली का तुम्हाला? किती वेळ! तिकडे जाहिराती संपून सिनेमा सुरू झाला असेल. येत नसेल काम तर बसता कशाला खिडकीत?”

दोन नंबर खुर्चीतून अर्धा उठला. “ओ बाई, जरा...”

“तू बस,” तीन नंबर म्हणाली.

तिने डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या, खुर्ची पुढे ओढली आणि काचेच्या भोकाशी तोंड नेलं.

“ओरडू नका, ऐकू येतं मला. जाहिराती अजून पाच मिनिटं चालतील. किती हवीत? आणि पटकन सांगा, मागे लोक आहेत.”

मागे कोणी नव्हतं.